कोरडा खड्डा

पाणी उतरत नव्हते. सकाळपासून तिसरी बादली मी संडासाच्या भांड्यात ओतली, आणि तिसऱ्यांदा ते काठाशी येऊन थांबले. काही सांगायला आलेले आणि ऐन वेळी शब्द विसरलेले.

खिशात नलूचे आंतर्देशीय पत्र होते. माझी ही धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणासाठी रविवारी अल्लीपूरला येणार होती. पण वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिला लोटा घेऊन नाल्यापर्यंत चालण्याची सक्त मनाई केली होती. ‘संडास सुरू असला तरच येते, दादा. नाहीतर सासूबाई म्हणतात, इथंच होऊ दे.’ मायने हे पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतले, आणि मग आतल्या खोलीला शेणाचा दुसरा हात दिला. आज गुरुवार होता.

त्याच वर्षी, ब्याऐंशीच्या जानेवारीत गावात सात संडास बांधले गेले, त्यांतला हा एक. रचना मला पाठ होती: भांड्याखाली वाकडी नळी, पुढे विटांचे छोटे चेंबर, आणि चेंबरातून दोन खड्ड्यांकडे जाणारी दोन तोंडे. एक तोंड वीट-मातीने बंद. एक खड्डा भरला की ते उघडायचे, दुसरे बुजवायचे. सारे इतके सुबोध की बिघडायला त्यात जागाच नसावी.

“काळी माती आहे बाप्पा,” कुंपणापलीकडून शेजारचे रूपरावकाका म्हणाले. “पाणी पिऊन पिऊन फुगली. आता काई पोटात घेत नाई ते.”

“मंग तुमचा काऊन चालते, काका?”

“आमी वापरतच नाई ना! कडबा ठेवला त्यात.”

तरीही त्यांचे म्हणणे मला पटले. आश्विन लागला होता, जमीन अजून ओली होती; वापरातला खड्डा तुडुंब असणार, असे धरून मी त्याची फरशी पहारीने सरकवली. आत पाहिले, आणि होते नव्हते ते आकलनही गेले. खड्डा जवळजवळ कोरडा होता. वर पाणी वाट शोधत थांबलेले, आणि खाली कित्येक दिवसांची तहान घेऊन हा अंधार. मग मिस्त्रीने चुकीचे तोंड बुजवले असेल? की दोन्ही? की पाणी तिसरीकडेच कुठे, मला ठाऊक नसलेल्या एखाद्या पोकळीत जाते? उत्तर जवळ आले असे वाटावे आणि त्याने कूस बदलावी, असा तो दिवस गेला.

शुक्रवारी लहानू मिस्त्री आला. संडास त्यानेच बांधला होता.

“यम्मे झाला ना भाऊ तू? पुस्तकात नाई का हे?”

“नाई.”

“मंग कायचं शिकला राजा इतके वर्सं!”

त्याने चेंबरचे झाकण काढले. चेंबर काठोकाठ भरलेले. डब्याने पाणी उपसून त्याने आत हात घातला. बुजवलेल्या तोंडातली वीट जागच्या जागी होती. उघड्या तोंडात मात्र खुरपे अडले. त्याने खरवडून काढले ते करडे, घट्ट, ओल्या सिमेंटसारखे ढेकूळ.

“इतकं सिमेट तं मी बांधकामातबी नाई वापरलं,” तो म्हणाला. ढेकूळ बोटांनी फोडून त्याने हुंगले. “हे घाण नोहे, भाऊ. चुलीची राख आहे.”

संडासाच्या दाराशी राखेचा डबा होताच. हात धुण्यासाठी तो साऱ्यांच्याच घरी असतो. माय तो रोज संध्याकाळी भरी, आणि सकाळी तो रिकामा असे. नऊ महिने मी हे पाहत होतो. चार माणसांचेही नव्हे, तिघांचे हात. त्यांना एवढी राख कशी लागते, हे मला एकदाही सुचले नव्हते.

मायने ओसरीकडे पाहिले. तिथे बापूजी बसले होते.

माझे वडील तरुणपणी ग्रामसफाईच्या पथकाबरोबर फावडे घेऊन गावोगाव हिंडले होते. संडासासाठी चर खणायचे, लोकांना शिकवायचे. नियम एकच: आपले आपण मातीने झाकून निघायचे. तो नियम त्यांनी बांधावरही पाळला, आणि पहाटे सर्वांआधी उठून इथेही.

“मीच टाकतो,” ते म्हणाले. “दोन ओंजळी. उघडं सोडून येऊ का मंग?”

“बापूजी, तुमी तं संडासाची समाधीच बांधली!” लहानू म्हणाला. कुणी हसले नाही. मग तोही खाली पाहून खरवडू लागला.

तोंड मोकळे झाले. मी बादली ओतली, आणि पाणी खोल घोट घेतल्यासारखा आवाज करून गेले. बापूजींना बोलावून मी वाकड्या नळीत उरलेले पाणी दाखवले.

“हे पाणीच झाकण आहे, बापूजी. राख टाकली का वाट बुजते.”

ते वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

“पाण्यातून तं दिसते,” ते म्हणाले.

ज्या हातांनी मला स्वच्छता शिकवली, त्यांनीच नलूची वाट अडवली होती. आणि त्या हातांचे काय चुकले, हेही मला धड सांगता येईना. ते ओसरीवर निघून गेले. उद्या पहाटे ते काय करतील, कळेना.

शनिवारी मी मुद्दाम लवकर उठलो. बापूजी संडासातून बाहेर आले. पाणी ओतल्याचा आवाज मी ऐकला होता, एकदा नव्हे, तीनदा. पण त्यांची डावी मूठ मिटलेलीच होती. पपईच्या झाडाशी जाऊन त्यांनी ती सावकाश उघडली, आणि राख बुंध्याशी सोडली.

रविवारी एस.टी.तून नलू उतरली. घरी येऊन पाटावर टेकते न टेकते तोच तिने हळूच विचारले, “दादा, सुरू आहे ना ते?”

मी तोंड उघडण्याआधीच बापूजी बोलले.

“आहे. निस्तं पाणी टाकजो, बाई. राख टाकजो नोको. चोंदते त्यानं.”

नलूने गोंधळून माझ्याकडे पाहिले. “राख? राख कोण टाकते बापूजी?”

मायने पदर तोंडाशी धरला आणि ती चुलीकडे वळली.