आतल्या बाजूची पाचर

मी दाराखाली सारायची लाकडी पाचर. बोलायची मला सवय नाही. दार अडवायचं आणि गप्प बसायचं, एवढंच मला शिकवलेलं. पण आता अडवायला दारच बंद नाही, तेव्हा बोलते.

माझा जन्म एका सुताराच्या कामाच्या बाकावर झाला. चौकटीचा तुकडा उरला होता, तो त्यांनी एका बाजूला उतरता तासला आणि खाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे फरशीवर घसरायला नको. त्यांची मोठी लेक, ताई, निघाली होती. जिथे लढाई पेटली आहे त्या देशात. धाकटी तिथे नर्स होती आणि तीन आठवडे तिचा फोन लागत नव्हता.

"कडीच्या बाजूला लाव. बिजागरीच्या बाजूला लावलीस तर उपयोग शून्य," बाबांनी सांगितलं. त्यांना एवढंच बोलता आलं.

बाकीचं बोलायला आत्या होती. आत्याने वीस वर्षं परक्या देशांत नोकऱ्या केलेल्या, त्यामुळे तिच्या सूचना संपता संपेनात. कागदांच्या तीन प्रती काढ, एक पिशवीत, एक अस्तरात शिवून, एक घरी. खोली तळमजल्यावर नको आणि अगदी वरही नको. पलंग खिडकीपासून लांब ओढ. बूट उशाशी ठेव, तोंडं दाराकडे करून. सैनिकांचे, पुलांचे फोटो काढू नकोस. एकटी आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस. "आणि खोलीचा नंबर सख्ख्या भावालासुद्धा सांगायचा नाही," आत्या म्हणाली. भाऊ तर या बहिणींना नव्हताच. सगळे हसले. ताईने मात्र तेही वहीत लिहून घेतलं.

जीव मुठीत धरून ती पोचली. दुसऱ्या मजल्यावर, जिन्याजवळ खोली मिळाली. फोन बंद होते. म्हणून आधी ती हॉस्पिटलच्या फाटकाशी गेली. पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. तिने धाकटीसाठी चिठ्ठी ठेवली, तीत हॉटेलचं नाव लिहिलं. नंबर लिहिला नाही.

त्याच दुपारी कुणीतरी आमच्या दाराची मूठ फिरवली. कडी जुनी होती, निखळली. दार बोटभर उघडलं आणि माझ्यावर आदळलं. मी हलले नाही. बाहेरच्याने दोनदा खांदा मारला, शिव्या घातल्या आणि गेला. खरं सांगते, त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

ताई मात्र पार हादरली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. ती खाली गेली आणि काउंटरवरच्या बाईला म्हणाली, "कोणीही येऊन विचारलं, तरी या नावाची बाई इथे नाही असंच सांगा." ती बाई शब्दाला पक्की निघाली.

आपल्या लोकांना बाहेर काढणारी एक बस चौथ्या दिवशी सुटणार होती. यादीत नाव घालायचं तर आदल्या दिवशी पाचच्या आत स्वतः जाऊन सही करायची. ताईने स्वतःची केली. धाकटीसाठी ती तिसऱ्या दिवशी पाचपर्यंत खोलीत थांबली, येरझाऱ्या घालत, मला पायाने पुन्हा पुन्हा आत ठोकत. कुणीच आलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी जिन्यापलीकडून दारं ठोठावल्याचा आवाज येऊ लागला. एक दार, मग दुसरं. आवाज जवळ येत होता. ताईने बूट घातले आणि पाठ दाराला लावून उभी राहिली. मग आमच्या दारावर थाप पडली. तिच्या तोंडून घरच्यासारखंच निघून गेलं, "कोण?"

"मी."

त्यांच्या घरात सगळे एवढंच म्हणत. बाबा रोज चिडत, मी म्हणजे कोण, नाव ठेवलंय ना तुला?

ताई गुडघ्यांवर बसली आणि मला ओढू लागली. तिनेच ठोकून ठोकून मला इतकं घट्ट केलं होतं की मी निघेना. तिची नखं तुटली. ती रडत होती, बाहेर धाकटी रडत होती आणि मध्ये मी. सुटावं असं मला त्याआधी कधीच वाटलं नव्हतं. शेवटी बुटाच्या टाचेने तिने मला बाजूला सारलं.

धाकटी वाळून काटकी झाली होती. "काल दोनदा येऊन गेले गं," ती म्हणाली. "खाली म्हणाल्या, अशी कोणी बाई नाही. वाटलं, तू परत गेलीस. आज राहवेना, म्हणून न विचारताच वर आले."

ताईने मला पिशवीत टाकलं. मग म्हणाली, "मीच तसं सांगून ठेवलं होतं."

दोघी बसकडे धावल्या. मी ताईच्या पिशवीत होते, सगळं ऐकत होते. यादीवाला वाईट माणूस नव्हता, पण नाव नाही तर जागा नाही. ताई म्हणाली, माझी जागा हिला द्या. तेही चालेना. मग ती म्हणाली, मीही जात नाही.

"वेडेपणा करू नकोस. तुझा मुलगा सहा वर्षांचा आहे," धाकटी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात दुसरी बस आहे म्हणतात. मी येते की."

ताईने मला काढून तिच्या हातात कोंबलं. "कडीच्या बाजूला लाव."

"माहीत आहे गं. मीही त्यांचीच मुलगी आहे."

बस गेली. दुसरी बस आलीच नाही.

त्यानंतर मी हॉस्पिटलच्या तळघरात, नर्सा झोपतात त्या कोठीच्या दाराखाली राहिले. तिथे कडीच नव्हती. धाकटी ड्यूटी संपवून यायची, मला पायाने सारायची आणि म्हणायची, "बस गं बाई, सांभाळ." मी सांभाळायचे.

तिला जाऊन आज चौथा दिवस. त्या सकाळी तिला वरच्या वॉर्डात घाईने बोलावलं, ती सपातांवरच निघाली. जाताना तिने मला भिंतीशी ठेवलं. थोड्या वेळाने सगळी इमारत हलली, छताचा चुना माझ्यावर पडला, आणि वरचे आवाज थांबले. कोठीचं दार उघडंच आहे. तिचे बूट तिथेच आहेत, तोंडं दाराकडे करून.

मला बाहेरून लावता येत नाही. मला लावायला आत कुणीतरी असावं लागतं.

ताई, तुझी वही जाळून टाकू नकोस, त्यातलं काहीच खोटं नव्हतं. मीही माझं काम चोख केलं. आपण दोघींनी जरा जास्तच चोख केलं.

जिन्यावर पाऊल वाजलं की मी कान देते. कोण, असं आता मी विचारणारसुद्धा नाही. तिने नुसतं "मी" म्हणावं.