नऊ नंबरची चिठ्ठी

माझं अक्षर चांगलं आहे, एवढी एकच गोष्ट लेकीच्या शाळेत सगळ्यांना ठाऊक होती. म्हणून तिसरीच्या बाईंनी मला माझ्या सुट्टीच्या दिवशी, गुरुवारी, शाळेत बोलावून घेतलं.

पंधरा दिवस त्या मुलांना बालहक्क शिकवत होत्या. खेळायचा हक्क, नको ते 'नको' म्हणायचा हक्क, आपलं म्हणणं मोठ्यांनी ऐकून घ्यावं हा हक्क. शेवटी 'मला शाळेत काय आवडत नाही' हे प्रत्येकाने सांगायचं होतं. मधे पडदा, पलीकडे सातवीतली मुलगी लिहून घेणार, म्हणजे अक्षरावरूनही कोणी ओळखायला नको. चिठ्ठीवर नाव नाही, फक्त नंबर. मी त्या रंगीत कार्डांवर उतरवायच्या आणि शुक्रवारी, अधिकारी आणि पालक येतील तेव्हा, व्हरांड्याच्या भिंतीवर लावायच्या.

"तुम्ही वाचल्या का?" मी बाईंना विचारलं.

"नाही हो. मुलांना शब्द दिलाय. भिंतीवर लागल्या की सगळ्यांबरोबरच वाचेन."

मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. आमच्याकडे नंबर म्हणजे माणूस. बाटलीवर नंबर असला की नाव शोधायला वेळ लागत नाही. वर्गाची फोनयादी हजेरीच्या क्रमाने माझ्या मोबाइलमध्ये होतीच. बघू नये हे कळत होतं, आणि मी बघत होते. एकवीस नंबर माझ्या लेकीचा. 'डब्यात रोज तेच असतं.' चांगलंच लागलं मला. म्हटलं, ये घरी, दाखवते तुला रोज तेच!

मग नऊ नंबरची चिठ्ठी आली.

'थांबायच्या खोलीतले काका आतून कडी लावतात. रोज एकालाच जवळ बसवतात. माझी पाळी असली की माझ्या पोटात दुखतं.'

शाळा तीनला सुटते. ज्यांचे आईबाप पाचला येतात त्यांच्यासाठी ती खोली. माझी लेकही तिथेच असते. गोष्टी सांगतात म्हणून मुलं त्यांना गोष्टवाले काका म्हणतात. मी यादीत नऊ नंबर बघितला.

किरकिऱ्या.

हे नाव त्याला आम्हा आयांनीच ठेवलेलं. बूट चावतो, ऊन लागतं, बाकाचा वास येतो. त्याचं रडगाणं रोजचंच. मी मोठा श्वास सोडला. तो श्वास मला अजून आठवतो.

तरी चिठ्ठी घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी ती चष्मा वर करून वाचली.

"कोणाची?"

"नऊ नंबर," मी म्हटलं, आणि न विचारता पुढे म्हणाले, "म्हणजे किरकिऱ्याची."

"मग झालं की! त्याला गणिताच्या तासालाही पोटात दुखतं." त्या हसल्या. "अहो, अठरा वर्षं आहेत काका इथे. कडी लावतात, कारण पोरं रस्त्यावर पळतात. उद्या अधिकारी यायचेत, आणि आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं? ही राहू दे माझ्याकडे. मी विचारते काकांना."

मी चिठ्ठी तिथेच ठेवली आणि उरलेली कार्डं लिहायला परत बसले. घरी नवरा मला सारखं ऐकवतो, 'मन चिंती ते वैरी न चिंती.' लेक शिंकली की मी थर्मामीटर काढते. म्हटलं, एकदा तरी शहाण्यासारखं वागावं. आणि खरं सांगायचं तर, चिठ्ठी माझ्या मुलीची नव्हती.

शुक्रवारी मी अर्धी रजा घेतली. अधिकारी आले, भिंतीसमोर उभे राहून फोटो काढून गेले. "वा, किती मोकळी आहेत हो मुलं तुमची!" असं एकजण म्हणाला. शाळा सुटली, तरी लेक भिंतीपाशीच होती. एकेका कार्डावर बोट ठेवत शेवटपर्यंत गेली, परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय शोधतेस गं?"

"माझी नाहीये."

"आहे की. ही बघ एकवीस. डब्याची तक्रार करणारी भवानी!"

"ती माझी नाही." तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "तो हजेरीचा नंबर. बाईंनी डब्यातून नवीन नंबर काढायला लावले होते, कोणाला कळू नये म्हणून. माझा नऊ होता."

व्हरांड्यात मुलं आरडत होती. मला त्यांचे फक्त हलणारे ओठ दिसत होते.

"आई, तू टाकलीस का ती?"

"नाही गं बाळा. मोठ्या बाईंकडे दिली."

"म्हणून काकांना कळलं." ती हळू आवाजात म्हणाली. "काल त्यांनी किरकिऱ्याला विचारलं, काय सांगितलंस माझ्याबद्दल? तो म्हणाला, काही नाही. तरी त्याला पाच वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसवलं. तो रडलासुद्धा नाही, आई."

मी तिचा हात धरून ऑफिसात गेले. बाईंनाही बोलावून घेतलं. चिठ्ठीत काय होतं ते जसंच्या तसं सांगितलं. बाई खुर्चीची पाठ धरून उभ्याच राहिल्या.

"हे मला कोणीच का नाही सांगितलं?" त्यांनी विचारलं.

मोठ्या बाईंनी कागदाचे तुकडे असलेली टोपली पायाने टेबलाखाली सारली. "आपण मुलीलाच विचारू ना," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "काका, जरा आत या हो."

"त्यांना कशाला?" बाई म्हणाल्या. पण काका दारात आलेच होते. हात मागे बांधलेले, चेहऱ्यावर गोष्ट सांगतानाचं हसू.

"सांग बेटा, घाबरू नकोस," मोठ्या बाई म्हणाल्या. "काका कधी काही करतात का तुला?"

लेकीने बुटांकडे पाहिलं. "नाही."

"चिठ्ठी तू सांगितलीस?"

"नाही. मला आठवत नाही."

"बघा," मोठ्या बाई मला म्हणाल्या. "तुम्हीच पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवता."

माझ्या मुठीत लेकीची बोटं लाकडासारखी ताठ झाली होती. तिने एकदा सांगून बघितलं होतं. मधे पडदा होता, नाव नव्हतं, बाईंचा शब्द होता. सगळं अगदी शिकवल्याप्रमाणे. आणि ते माझ्या हातातून निसटून गेलं होतं.

काकांनी घड्याळ बघितलं. "मुलं वाट बघतायत. जाऊ मी?"

ते निघाले तशी मीही निघाले. बाईंना म्हटलं, "तुम्ही एकेका मुलाच्या घरी फोन लावा. आत्ता. मी त्या खोलीपासून हलत नाही." त्या मोबाइल काढत व्हरांड्याच्या टोकाला धावल्याच. मोठ्या बाई मागून काहीतरी म्हणत होत्या.

खोलीत सात मुलं होती. पलीकडच्या भिंतीला टेकून, एका रांगेत, दप्तरं मांडीवर. कोणी खेळत नव्हतं, बोलत नव्हतं. दोन तासांसाठी ठेवलेली मुलं एवढी गप्प असतात, हे इतक्या वेळा न्यायला येऊनही माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी यायची तेव्हा दार उघडलेलं असायचं आणि लेक बूट घालून उभी असायची.

मी एक खुर्ची ओढली आणि बरोबर उंबऱ्यावर ठेवली. अर्धी आत, अर्धी बाहेर. लेकीला मागे उभं केलं आणि बसले.

"ताई, दार लावायचंय," काका म्हणाले.

"असू दे उघडं."

"वारा येतो. मुलांना बाधतो."

"बाधू दे."

ते हसले. "आज बसाल. सोमवारी कामावर जालच ना?"

सोमवारचं मला खरंच माहीत नव्हतं. व्हरांड्याच्या टोकाला बाईंचा आवाज चढत होता. "नाही, फोनवर नाही सांगता येत. तुम्ही या. आधी या."

खोलीत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. किरकिऱ्या उठला होता. दप्तर फरशीवरून ओढत तो काकांच्या बाजूने वळसा घालून आला आणि माझ्या पायाशी बसला. कसलीच कुरकुर केली नाही. मग एक मुलगी आली. तिच्यामागे आणखी एक. बाकीचीही एकेक करून सरकली. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, सगळ्यांचे डोळे काकांवर होते. ती जागा दोघांपुरतीही नव्हती, पण सातही जण तिथे एकमेकांना चिकटून बसले.