मास्तर एका वाक्यावर थांबले
तलवाड्यात इंग्रजी कागद आला की तो माणिकराव मास्तरांकडंच जायचा. मास्तर एक वाक्य वाचायचे, मराठीत सांगायचे, थांबायचे, मग पुढचं. तीस वर्षं वर्गात हेच केलेलं, खोड जाते व्हय!

दोन हजार सालच्या फाल्गुनात महांतेश एजंट असलाच एक कागद नाचवत पारावर आला. सागाची झाडं लावून पैसे दामदुप्पट करून देतो म्हणणाऱ्या कंपनीचा हा माणूस. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयानं कंपनीला लोकांचे पैसे घ्यायला बंदी घातली, तेव्हा हे बेणं दोन महिने उमापुरात तोंड लपवून बसलं होतं. आता कंपनीनं मुंबईच्या अपील न्यायाधिकरणात दाद मागितली होती आणि निकाल आला होता.

मास्तरांची बहीण मालनबाई म्हशीचे सात हजार पदरात बांधून समोरच बसली होती. घरावर पत्रे टाकायचे की सागवानात घालायचे, हे तिनं भावावर सोडलं होतं. "दादा, तू वाच. तू म्हनशील तसं."

मास्तरांनी कागद आधी मनात वाचला आणि त्यांना महांतेशची शिसारी आली. कंपनी चांगली आहे असं न्यायाधिकरणानं कुठंच म्हटलं नव्हतं. तिची बाजू न ऐकता बंदी घातली, हे चुकलं. तिला बोलवा, ऐका, मग नव्यानं ठरवा, एवढंच. बरोबरच होतं की! चोरालाही बोलू द्यावं लागतं. आज या लबाडाचं पितळ उघडं पाडायचंच, म्हणून मास्तर उठले.

"बंदीचा हुकूम रद्द केला हाय," त्यांनी पहिलं वाक्य सांगितलं आणि सवयीनं थांबले.

झालं! महांतेशनं खूण केली, हलगी कडाडली, पेढे फिरले.

"अरे थांबा! कंपनी सुटली न्हाई! नुसतं तिचं ऐकून घ्या म्हनलंय!" मास्तर घसा फोडून ओरडले. पण मुंबईत कंपनीचं ऐकणारे होते, इथं मास्तरांचं ऐकायला कुत्रं नव्हतं. उलट महांतेशनं त्यांच्याच कपाळाला गुलाल फासला.

गर्दीतून वाट काढत ते बहिणीपाशी पोचले. तिच्या पदराची गाठ सुटली होती आणि अंगठा शाईनं निळा झाला होता.

"मालन, काय केलंस बाई? मी पुढचं वाचलंच न्हाई अजून!"

"कशाला वाचायचं आता? तुज्या तोंडून ऐकलं म्हून तर समद्यांनी भरले, दादा," ती कौतुकानं म्हणाली.

मास्तर पाराआड जाऊन भडाभडा ओकले. मागनं महांतेश पाण्याचा तांब्या घेऊन आला. "जपा मास्तर," तो मायेनं म्हणाला. "उद्या चकलांब्याच्या पारावर बी वाचायचंय तुमाला."