एकशे त्रेचाळिसाव्या पानावरची पट्टी

आत्याने छापलेले पान खिडकीकडे धरले, चष्मा कपाळावर सरकवला आणि शिवणयंत्रापाशी बसल्याबसल्याच निकाल दिला.

"ही पट्टी चारी बाजूंनी चिकटवलेली नाही. वरच्या काठाला तेवढी खळ लावलीय. खालचा काठ सुटा आहे, म्हणून तर सावली पडलीय. अस्तर उचलावं तशी उचलता येईल."

"सहा महिने मी तेच म्हणतेय, आत्या."

"मग उचलून बघा की, पंडितीणबाई."

"त्यासाठी तिथं जावं लागतं."

पान होते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका तत्त्वचिंतकाच्या वहीतले. वही परदेशातल्या एका ग्रंथालयात होती. भाचीकडे होती ती नुसती छायाचित्रे. माणूस आपल्या कृतीला खरोखर जबाबदार असतो का, या प्रश्नाला त्याने आयुष्यभर 'होय' असेच उत्तर दिले, असे आजवरचे सगळे अभ्यासक लिहीत आले होते. एकशे त्रेचाळिसाव्या पानावर मात्र त्याने आधीच्या सात-आठ ओळींवर कागदाची पट्टी डकवून नवे उत्तर लिहिले होते. पट्टीखाली 'नाही' निघाले, तर तिचे पाच वर्षांचे लिखाण पुस्तक म्हणून उभे राहणार होते. न पाहता लिहिले, तर तो केवळ तर्क ठरला असता.

नवोदित संशोधकांसाठीचे प्रवास-अनुदान पदवीनंतर पाच वर्षांपर्यंतच मिळे. तिची पाच वर्षे पुढच्या महिन्यात भरत होती. आजची मुलाखत शेवटची.

"ती ओढणी नको, बोंदरी दिसते," आत्या म्हणाली. "आणि उत्तर छोटं दे. तू बोलायला लागलीस की समोरचा जांभया देतो."

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत लांब टेबलाच्या अर्ध्या भागावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. उरलेल्या अर्ध्या भागाशी तिघे बसले होते : समितीचे अध्यक्ष, तत्त्वज्ञानाच्या एक ज्येष्ठ प्राध्यापिका आणि फायली सांभाळणारे लेखनिक.

"अर्ज छान लिहिलाय," अध्यक्ष म्हणाले. "खरं सांगू? मलाच ती पट्टी उचलून बघावीशी वाटली."

तिघेही हसले. तिच्या जिवात जीव आला.

"पण एक अडचण आहे. ही वही संपूर्ण छायाचित्रित झालीय, कोणताही मजकूर सुटलेला नाही, असं ग्रंथालयाचं प्रमाणपत्र आहे. मूळ प्रत पाहण्याची गरज नसेल तर प्रवासाला अनुदान देता येत नाही."

"छायाचित्रात पट्टी बंदच आहे, सर."

"असेल. पण तपासणाऱ्याची सही बघा."

त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. सही तिचीच होती.

दोन वर्षांपूर्वी नोकरी नव्हती, तेव्हा तिने त्या ग्रंथालयाचे वह्यांची छायाचित्रे घरबसल्या तपासण्याचे काम घेतले होते. चारशे बारा पाने. तिने पानांचे आकडे जुळवले, कोपरे पाहिले, अक्षर अस्पष्ट कुठे नाही ना, ते पाहिले. एकशे त्रेचाळिसावरची सावली तिला घडी वाटली. 'मजकूर संपूर्ण' असे लिहून तिने सही केली. सहा महिन्यांपूर्वी ती घडी नाही, पट्टी आहे, हे ध्यानात आले, त्याच दिवशी ग्रंथालयाला कळवायला हवे होते. पत्र तिने दोनदा लिहिले. पण तेच ग्रंथालय अजून दर महिन्याला तीन-चार वह्या तपासायला पाठवत होते, आणि आपली नजर चुकली असे स्वतः कबूल करणाऱ्याला पुन्हा काम कोण देणार? पत्र तसेच राहिले.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी आजच त्यांना कळवते."

"आधी कळवलं असतंत, तर याच कागदाच्या दुरुस्तीच्या आधारावर तुम्हाला पाठवलं असतं हो," प्राध्यापिका कळवळून म्हणाल्या आणि अध्यक्षांकडे वळल्या. "दोन दिवस थांबता नाही येणार?"

अध्यक्षांनी लेखनिकांकडे पाहिले.

"यादी आज पाचला वर जाते, बाई. मुलाखतीनंतर आलेला कागद फायलीला लावता येत नाही. मागच्या वर्षी एकाचा लावला, तर खुलासा मला लिहावा लागला."

रागवावे असे समोर कोणीच नव्हते. अध्यक्ष स्वतः उठून तिच्यासाठी दार उघडायला आले.

जिन्यात उभे राहूनच तिने मोबाइलमधले ते जुने पत्र ग्रंथालयाला पाठवून दिले.

तिसऱ्या दिवशी उत्तर आले. ग्रंथालयाने आभार मानले होते. तपासणीच्या नव्या वह्यांविषयी त्यात अवाक्षर नव्हते. सूचीत मात्र दुरुस्ती झाली होती. ती तिने आत्याला वाचून दाखवली : 'पान १४३. चिकटवलेली पट्टी. खालील मजकुरासाठी मूळ प्रत प्रत्यक्ष पाहणे आवश्यक.'

"म्हणजे तुझंच खरं ठरलं!"

"हो."

"मग आता देतील की."

"पुढच्या मुलाखती वर्षानं, आत्या. तेव्हा माझी पाच वर्षं उलटलेली असतील, मी नियमात बसणार नाही."

"मग कोण जाईल?"

"जाईल कोणीतरी. आता तर सूचीतच लिहिलंय, कुठल्या पानावर बघायचं ते."

आत्याने यंत्राचे चाक हाताने थांबवले. कापडांखालून ते छापलेले पान ओढून काढले, मांडीवर पसरले आणि सुईचे टोक त्या सावलीखाली हलकेच सारून पाहिले. दोनदा सारले. कागद सपाट होता.