सहा ते सातमधली बेल

सकाळी सहा ते सात माझं मौन असतं. अंघोळ करून आसनावर बसायचं आणि अकरा माळा पुऱ्या होईपर्यंत बोलायचं नाही, उठायचं नाही. एकोणीस वर्षं हा नियम चालू आहे. कॉव्हेंट्रीतल्या या घरात सामान आलं त्या सकाळीही मी खोक्यांच्या मधे आसन टाकून बसले होते. त्यामुळे ईशिताने विचारलं की दिवसातल्या कुठल्या तासाला घरात नक्की कोणीतरी जागं असतं, तेव्हा मी पटकन सांगून टाकलं, सहा ते सात.

ईशिता आमची भाडेकरू, मॉरिशसची. शंभर मीटर धावते. पणजोबांचे वडील रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यावर गेलेले, म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या नीनाने "आपलीच आहे" म्हणत तिला आमच्याकडे पाठवलं. तिचा देश म्हणजे कॉव्हेंट्रीहून गाडी काढली तर तासाभरात, नॉर्थॅम्प्टनच्या थोडं पुढे संपेल एवढा. तिथे गवतावर चुन्याच्या रेघा मारून धावायला शिकली आणि पुढे हिंदी महासागरातल्या बेटांच्या स्पर्धेत दोन सुवर्णपदकं घेऊन आली. तिच्या गावच्या बस स्टॉपवर तिचं चित्र रंगवलंय. तिथल्या मराठी शाळेत शिकलेली, त्यामुळे अगदी पुस्तकी बोलते. आमचे हे म्हणतात, हिच्याशी बोललं की आकाशवाणीच्या बातम्या ऐकल्यासारखं वाटतं.

तो तास कशासाठी हवा होता, ते तिने मला समजावलं होतं. एवढ्या वरच्या धावपटूंना रोजचा एक तास आणि पत्ता कळवून ठेवावा लागतो. त्या तासात चाचणीवाले न सांगता येतात आणि कुठलं औषध घेतलंय का ते बघायला लघवीचा नमुना नेतात. वर्षात तीनदा सापडली नाही तर दोन वर्षं बंदी. तिची एक चाचणी आधीच चुकली होती. वादळामुळे विमान रद्द झालं आणि नवा पत्ता फोनवर टाकायचा राहिला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी मी दुसऱ्या माळेवर असताना बेल वाजली. हे बस ड्रायव्हर, पहाटेच ड्युटीवर गेलेले. म्हटलं, ईशिता उघडेल. पण ह्यांच्या घोरण्यापायी ती कानात मेणाचे बोळे घालून माळ्यावरच्या खोलीत झोपायची. बेल पुन्हा वाजली, मग पुन्हा. मला कळलं होतं कोण असणार ते. मणी ओढत राहिले. अकरावी माळ संपवून दार उघडलं, तेव्हा गाडी कोपऱ्यावर वळत होती.

आठवड्याने पत्र आलं: दुसरी चूक. ईशिताला वाटलं बेल बिघडली असणार. ह्यांनी स्टुलावर चढून पाहिलं आणि म्हणाले, बेल तर ठणठणीत आहे. मी भाजी चिरत होते. चिरतच राहिले.

त्या दिवसापासून ती रोज सहा वाजता उशी घेऊन जिन्यात येऊन बसू लागली. तिचा कोच ट्रेव्हर तिला नऊ तास झोप म्हणायचा, आणि ही डुलक्या काढत दाराकडे बघत बसायची. जूनपर्यंत ग्लासगोच्या कॉमनवेल्थ स्पर्धेत निवडीसाठी ठरलेली वेळ गाठायची होती. एप्रिलमध्ये ती तिच्या स्वतःच्या वेळेपेक्षाही मागे पडली. वरच्या खोलीत माझ्या हातात माळ असायची आणि कान जिन्यात. देवाचं नाव घेता घेता मधेच वाटायचं, बेल वाजली. वाजलेली नसायची.

एका गुरुवारी संध्याकाळी ती स्वयंपाकघरात केळं सोलत होती. मी उपासाची खिचडी परतत होते. तिच्याकडे पाठ होती म्हणूनच बोलू शकले असेन.

"त्या दिवशी बेल वाजली होती."

"किती वेळा?"

"पाच."

"आणि आपण?"

"आसनावर होते."

 ती म्हणाली, "माझी आजीसुद्धा मंगळवारी मौन पाळत असे. परंतु दारात कोणी आले तर ती उठत असे, मावशी."

केळं तसंच ठेवून ती वर गेली. शनिवारी ह्यांच्याकडून कळलं की ती ट्रेव्हरच्या ओळखीत दुसरी खोली बघतेय.

रविवारी मी आसन खाली आणलं. पुढच्या दाराच्या आत कोट टांगायच्या खुंट्यांखाली तेवढीच जागा होती, चपला-बुटांशेजारी. ह्यांनी विचारलं, "देव आता पायताणांपाशी राहायला आले का?"  मी ईशिताला सांगितलं, तू वर झोप, बेल वाजली की मी उठेन. ती म्हणाली, आपला नियम मोडेल. म्हटलं, मोडू दे.

तिला ते खरं वाटलं नाही. चार दिवस ती जिन्यात बसून होती आणि मी आसनावर. मी उठते का याच्यावर ती नजर ठेवून होती, आणि बेल कधी वाजते याच्यावर मी. पाचव्या दिवशी जिना रिकामा होता.

त्यानंतर बाराव्या सकाळी बेल वाजली. हातात माळ तशीच धरून मी दार उघडलं. दोन बायका, गळ्यात ओळखपत्रं. त्यांनी तिचं नाव विचारलं. त्यांना हाताने थांबायला सांगून मी जिना चढले आणि माळ्याचं दार ठोकत, आयुष्यात कधी ओरडले नाही इतक्या मोठ्याने ओरडले, "ईशिता, ऊठ. आलेत."

ती मेणाचे बोळे मुठीत घेऊन, केस मोकळे, खाली आली. सही झाली. पण लगेच लघवी होईना. त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या, ती पाणी पीत राहिली.

मी आसनाकडे वळले. तिने विचारलं, "कितवी माळ होती?"

"आठवत नाही."

"मग?"

"पहिलीपासून."

तिने चौथा ग्लास भरला. "माझेही पहिल्यापासूनच दिसते," ती म्हणाली, आणि कितीतरी आठवड्यांनी माझ्याकडे बघून हसली.

मी बुटांशेजारी बसले, तोंड मिटलं, पहिला मणी ओढला. कान अजून दाराकडेच होते.