ताणून मारलेली हाक

दिवाळे गावच्या दादूची होडी विकायची, हे त्याच्या बायकोनं, दमयंतीनं, ठरवूनच टाकलं होतं. गेल्या महिन्यात म्हातारा खाडीतल्या तिवरांच्या झाडीमागच्या चिखलात रुतून भरती येईस्तोवर अडकला, आणि तिथं मोबाइलला रेंज नाही! सोमवारी गिऱ्हाईक येणार होतं. होडी गेली तर दादू खाटेला लागेल, हेही घरात सगळ्यांना ठाऊक. पण दमयंतीसमोर बोलायची कुणाची टाप?

लेक रुतिकानं मात्र चंग बांधला. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली पोर ती! होडीत एक बटण, घरात एक दिवा. बाबांनी तिकडं दाबलं की इकडं पेटला पाहिजे, बस्स. पण मधलं अंतर कापणार कोण? ब्लूटूथ अंगणातच दमलं. वायफाय गल्लीच्या टोकाला गपगार. सिमकार्डवालं मॉड्यूल घ्यावं, तर तिवरांत टॉवरच पोचत नाही. शेवटी तिनं लांब पल्ल्याचं म्हणून लोरा नावाचं रेडिओ मॉड्यूल आणलं, नखाएवढं. तेही खाडीच्या पहिल्याच वळणावर मुकं झालं. शनिवार उजाडला तशी रुतिकाला रडूच कोसळलं.

“भरभर बोलतंय काय गं तुझं यंत्र?” जाळं सांधता सांधता दादूनं विचारलं.

“म्हणजे?”

“अगं, आमी खाडीत हाक कशी मारतो? ‘जाळं फाटलंय, दोरी घेऊन ये’ असं बोललं तर पल्याड काय नाय पोचत. एकच अक्षर, छाती भरून, लांब. ओऽऽ! वारा मधी खातो, तरी उरतं.”

रुतिकानं लॅपटॉप पुढं ओढला. नाव, वेळ, ठिकाण, सगळं ती एका दमात पाठवत होती, तेही सर्वांत जलद सेटिंगवर! आणि बाबा तर चौथीतून शाळा सोडलेला माणूस. सगळं पुसून तिनं एकच अक्षर ठेवलं आणि सेटिंग सर्वांत संथ केलं.

रविवारी होडी तिवरांआड गेली. दमयंती ओट्यावर कोलंबी सोलत बसली, मुद्दाम दिव्याकडं पाठ करून.

दिवा पेटला. शेजारच्या इवल्या पडद्यावर एकच अक्षर उमटलं: ओ.

“आई, बघ ना!”

दमयंती वळली, अन् “अगं बाई!” म्हणून तशीच उठली. ओल्या हातांनी खाडीकडं तोंड करून छाती भरून ओरडली, “ओऽऽऽ!”

“त्यांना ऐकू नाही जाणार गं,” रुतिका डोळे पुसत म्हणाली.

“नसू दे. माझ्या मानसाची हाक हाय, ओ नको देऊ? आनि त्या गिऱ्हाइकाला फोन लाव. येऊ नको म्हनून सांग.”