चार कड्या

सासरे छापखान्यात चाळीस वर्षं अक्षरांचे खिळे जुळवून निवृत्त झालेले. बोटं अजून शाबूत, पण चिमट्यात धरायला काही उरलं नव्हतं. म्हणून मुलाने वाढदिवसाला खोकं आणून दिलं: दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन टायगर रणगाड्याची प्लास्टिकची प्रतिकृती, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी. सुनेला वाटलं, आठवडाभराचं खूळ असेल. पण सासरे तिसऱ्या महिन्यातही रोज सकाळी चष्मा पुसून टेबलाशी बसत. आता रणगाड्याच्या चाकांवरच्या साखळीपट्ट्यांपर्यंत आले होते. एका बाजूला शहाण्णव कड्या, एकेक नखाएवढी, प्रत्येक कानस मारून जोडायची.

"सूनबाई, टेबलाला हात लावायचा नाही हं," एवढंच त्यांचं मागणं.

त्या शनिवारी तिच्या बहिणी यायच्या होत्या. सासरे वाचनालयात गेले होते. तिने घाईघाईत त्यांच्या खोलीतूनही व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. टेबलाच्या कडेला धूळ दिसली म्हणून नळी वर नेली. आत काहीतरी खडखडलं. खडा असेल, असं म्हणून तिने पिशवी रिकामी केली. कचऱ्याची गाडी तासाभरात गेलीसुद्धा.

संध्याकाळी सासरे बाहेर आले. "चार कड्या कमी आहेत. मी दोनदा मोजल्या."

तिला नळीतला खडखडाट आठवला. तोंड उघडणार एवढ्यात नवरा म्हणाला, "बाबा, परवा गॅस चालू ठेवलात, आज हे. कुठेतरी ठेवल्या असतील."

"तसंच असेल," सासरे पुटपुटले.

जेवताना सांगू, म्हणून तिने वेळ टाळली. जेवताना बहिणी होत्या. दुसऱ्या दिवशी नवऱ्याने वडिलांकडून घराची किल्ली काढून घेतली, एकट्याने वाचनालयात जाणंही बंद. आता तोंड उघडायचं तर किल्लीचाही जाब द्यावा लागणार होता. दिवसागणिक सांगणं जड होत गेलं. सासरे कपाटं उपसत, खिसे उलटे करत. एकदा तिने त्यांना तांदळाच्या डब्यात हात घालून शोधताना पाहिलं आणि ती गुपचूप मागे फिरली.

आठव्या दिवशी तिघं डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, "विसरायला होतं का?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. "होतं. वस्तू कुठे ठेवतो, कळत नाही. माझ्या चार कड्या…"

"त्या मी घालवल्या," ती म्हणाली. आवाज स्वतःलाच परका वाटला. "व्हॅक्यूममध्ये गेल्या. मला त्याच दिवशी कळलं होतं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गॅसचं काय मग?"

"गॅस राहिला होता चालू," सासरे म्हणाले. "ते माझंच."

तपासणी झाली. वयाच्या मानाने ठीक, सहा महिन्यांनी पुन्हा या, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्या आल्या नवऱ्याने किल्ली वडिलांच्या हातात दिली. बायकोशी तो दोन दिवस कामापुरतंच बोलला. तिने सासऱ्यांच्या पायाशी बसून माफी मागितली.

"अगं, प्लास्टिकचं काय एवढं," ते म्हणाले. "पण आठ दिवस मी स्वतःला वेडा समजत होतो. तू बघत होतीस."



भाग तोडून घेतल्यावर खोक्यात उरलेल्या प्लास्टिकच्या दांड्या कापून, घासून त्यांनी चार कड्या घरीच बनवल्या. महिन्याभरात रणगाडा रंगवूनही झाला. नवऱ्याने फोटो काढला, शेजारी बघून गेले. सासरे सुनेशी पूर्वीसारखंच हसून बोलतात, भाजी निवडायला बसतात. फक्त आपली खोली आता स्वतः झाडतात, आणि ती चहा घेऊन गेली की उठून दारापर्यंत येतात, उंबऱ्यावरच कप हातात घेतात.